ओ न देणारी पेटी

एकदा एका गावी एक अत्तराचा व्यापारी, त्याची बायको, त्यांची लेक केतकी आणि व्यापाऱ्याची म्हातारी आई असे चौघे राहत. म्हातारी देवाघरी गेली, केतकी लग्न होऊन परदेशी गेली. पण आजी होती तेव्हाच केतकीने तिच्या आवाजातल्या अंगाया मोबाइलवर टिपून घरातल्या पेटीत साठवल्या होत्या. पेटी म्हणजे विटेएवढं काळं यंत्र. घरचे फोटो, गाणी सगळं पोटात ठेवणारं.

पुढे केतकीला दिवस गेले आणि तिला आजीच्या अंगाया हव्या झाल्या. तिला तिकडून पेटी उघडता यावी म्हणून व्यापाऱ्याने घरच्या इंटरनेटच्या राउटरमधून पेटीपर्यंतची वाट सताड मोकळी केली. पासवर्ड ठेवला लेकीचं नाव. तेच नाव दुकानाच्या पाटीवरही होतं.

मग एका दुपारी, घर सामसूम असताना, पेटीला जोडलेला बंद टीव्ही आपोआप उजळला आणि मेलेल्या म्हातारीचा आवाज आला, "थांब गं, ओ देऊ नकोस."

एकदा म्हातारी गात असताना दारात कुणी हाक मारली, तेव्हा ती नातीला असं म्हणाली होती, आणि तेही गाण्यासोबत टिपलं गेलं होतं. तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजला. पेटीचा हिरवा दिवा कुणी श्वास घ्यावा तसा लुकलुकत होता. संध्याकाळी पाहिलं तर एक अंगाई नाहीशी. मग रोज एकेक जाऊ लागली. बायकोने पेटीपुढे उदबत्ती लावली. व्यापारी त्या खोलीत पाऊल टाकीना.

अखेर त्याने यंत्रांतल्या एका जाणत्या वृद्ध गुरुजींना बोलावलं. सोबत शिष्य होता. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. उरलेल्या अंगाया दुसरीकडे उतरवल्या, ती मोकळी वाट बंद केली आणि केतकीला फोनवर घेऊन बराच वेळ काही जुळवत बसले. मग शिष्याला म्हणाले, "गल्लीत जा, आणि तुझ्या मोबाइलवरून पेटी उघडायला बघ, हाक मार तिला."

शिष्याने व्यापाऱ्याच्या नावाने हाक दिली, केतकीच्या नावाने दिली, म्हातारीच्याही नावाने दिली. पेटी गप्प. जणू तिथे घरच नव्हतं.

व्यापाऱ्याने दारातूनच विचारलं, "गुरुजी, उरलीसुरली आईही गेली का हो?"

शिष्य परत येऊन म्हणाला, "आपल्याला दाराचं बघायला बोलावलं, गुरुजी. आपण तर भिंत घातली."

गुरुजींनी व्यापाऱ्यालाच विचारलं, "शेठ, आई ओ का देऊ द्यायची नाही?"

"ओ दिली की बाहेरच्याला कळतं आत कुणी आहे, म्हणायची. हाक ओळखू आली तरच उठायची."

"तुमची पेटी मात्र येईल त्या हाकेला ओ देत होती, आणि पाटीवरचं नाव सांगेल त्याला आत घेत होती. भूत नव्हतं, शेठ. कुठलासा माणूस दूर बसून तुमच्या घरात हिंडत होता. आता मी एक झाकली वाट केली आहे. तिला व्हीपीएन म्हणतात. तिची किल्ली केतकीच्याच फोनात आहे. त्या किल्लीवाचून जगाने हाका मारल्या तरी पेटी ओ देणार नाही. आणि केतकी त्या वाटेने आली, की पेटीच्या लेखी ती परदेशात नसते. याच घरात असते."

तेवढ्यात हिरवा दिवा लुकलुकला. पेटीजवळ कुणी नव्हतं. व्यापारी दोन पावलं मागे सरला. मग फोनवर लेकीचा आवाज आला, "बाबा, आजी गातेय."

यथावकाश केतकीला मुलगी झाली. हल्ली रोज दुपारी रिकाम्या खोलीत तो दिवा लागतो. तिकडे तेव्हा रात्र असते. बायको म्हणते, "आली बाई केतकी," आणि व्यापारी पेटीजवळ जाऊन बसतो. दूरदेशी पणती पणजीच्या आवाजात झोपी जाते, तोवर तो तिथून उठत नाही.