खैरवंडीची ठकूमाय

फार फार वर्षांमागं, खैरवंडीला बारा-पंधरा उंबरे होते, तेव्हा तिथं ठकूमाय नावाची भडभुंजीण राहायची. भट्टीवर चणे-फुटाणे भाजायची. विसराळू इतकी, की कमरेला खोचलेला झारा सबंध आळीत शोधत फिरायची. शोधता शोधता तिला एक युक्ती सापडली. धावाधाव करायची नाही. बसायचं, पाणी प्यायचं, आणि उठल्यापासूनची सकाळ मोठ्यानं सांगायची.

एका वर्षी जत्रेच्या सकाळी देवीचा चांदीचा मुखवटा दिसेना. पूजेला असणारे सोनबा गुरव रडकुंडीला आले. देवळाच्या ओसरीवर लतीफ कल्हईवाला उतरला होता. परका माणूस, त्यात धातूचं काम. पाटील म्हणाले, "बांधा ह्याला."

ठकूमाय मधे जाऊन उभी राहिली.

"पाटील, दोरी राहू द्या. सोनबा, तू बस. पाणी पी. उठलास तिथनं सांग."

"उठलो, अंघोळ केली. मुखवटा चिंचेनं घासला. उपरण्यात गुंडाळला, तेवढ्यात वासरू सुटलं."

"मग?"

"मग धावलो त्याच्यामागं. उंबराखाली गाठलं. दोन्ही हातांनी धरलं."

"दोन्ही हातांनी? मग मुखवटा कुठं होता?"

सोनबा तसाच उठून उंबराकडं धावला.

सारा गाव त्याच्यामागं पळाला. मुखवटा ढोलीत होता. असं म्हणतात, की त्याभोवती मधमाश्यांचं मोहोळ बसलं होतं आणि कुणाला जवळ जाऊ देत नव्हतं. ठकूमाय म्हणाली, "बायांनो, आईला घरी जायचंय." तशा माश्या उठल्या. देवीच्या ओठांवर मध होता.

पाटलांनी मान खाली घातली. ठकूमायनं पदरातले गरम फुटाणे आधी लतीफच्या ओंजळीत घातले, मग देवीपुढं ठेवले.

पुढं लांबलांबून माणसं येऊ लागली. कुणाची नथ, कुणाची म्हैस. असं म्हणतात, एका उन्हाळ्यात ओढा आटला, तर ती कोरड्या पात्रात जाऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, डोंगरावरनं निघालास तिथनं सांग." ओढा हळूहळू बोलू लागला, आणि बोलता बोलता गावापर्यंत आला.

ठकूमाय गेली, तिची तिथी मात्र गावच विसरला. पुष्कळ आठवून पाहिलं, जमलं नाही. म्हणून खैरवंडीत तिचा दिवस कधीही येतो. हरवलेली वस्तू सापडली, की ज्याच्यावर संशय घेतला त्याच्या घरी जायचं आणि ठकूमायच्या नावानं गरम फुटाणे त्याच्या ओंजळीत घालायचे. एरवी शेरभर चणे घरात पुरतात. लग्नसराईत घरं पाहुण्यांनी भरतात, तेव्हा मात्र घरोघरी पोतं आणून ठेवावं लागतं.