पगडीतली शाडू

चिंचखोरी संस्थानच्या राजेसाहेबांना दसऱ्याच्या नाटकात सेनापती व्हायचं होतं, पण लोखंडी शिरस्त्राण चढवलं की त्यांची मान बगळ्यासारखी वाकायची. म्हणून कागदाच्या लगद्याचं हलकं शिरस्त्राण करायचा हुकूम खोगिरं आणि मूर्ती घडवणाऱ्या रखमाजी जिनगराला सुटला. वर दिवाणांची तंबी, "सरकारांच्या मस्तकाला हात लावायचा नाही. आणि शिरस्त्राण बोटभर जरी ढिलं झालं, तर तुझं डोकं जाईल!"

रखमाजी लगदा थापायच्या साच्याचा विचार करू लागला. साचा मेणाचा करावा तर उन्हात वितळणार, लाकडाचा कोरावा तर माप कुठलं? शेवटी त्यानं सरकारांची जुनी पगडी मागून आणली आणि तिच्यात शाडूची ओली माती ठासून भरली. माती वाळल्यावर हुबेहूब सरकारांचं डोकं बाहेर आलं.

नेमके तेव्हाच राजेसाहेब आणि दिवाण पाहणीला आले.

"सरकारांच्या मस्तकाच्या जागी चिखल?" दिवाण कडाडले. "उडवा याचं मुंडकं!"

सोबतच्या शिपायानं तलवार उपसली. रखमाजी हात जोडून म्हणाला, "दिवाणसाहेब, याच शाडूचा मी गणपती घडवतो. गणपतीपेक्षा थोरांसाठी कोणती माती आणायची, तेवढं सांगा. मग खुशाल उडवा."

राजेसाहेब सावकाश वळले. "बोला दिवाणजी. आम्ही गणपतीपेक्षा थोर?"

हो म्हणावं तर देव कोपणार, नाही म्हणावं तर सरकार.  दिवाण शिपायावरच खेकसले, "अरे, ती तलवार आधी म्यान कर!"