खिडकीतला ग्लास

प्रभूचे दास शांतवन महाराज वाघजळीला आले ते ईस्टरच्या आधीच्या पवित्र सप्ताहात. अंगात जाडाभरडा पांढरा सदरा, खांद्यावर घोंगडी, हातात चिपळ्या. हल्ली देवाची माणसं म्हणून जी येतात ती एसी गाडीतून उतरतात आणि आधी स्टेज किती उंच आहे ते विचारतात. महाराज एसटीतून उतरले, चर्चच्या ओसरीत घोंगडी अंथरली आणि येशूचं भजन धरलं. मंडळी, ही कथा आहे त्यांच्या कृपेची, पण ऐकताना आपलीच अब्रू जाणार आहे. जाऊ द्या, जायलाच हवी.

वाघजळीच्या ओढ्याकाठी तारामती राहायची. तिची हातभट्टी होती आणि ती साऱ्या तालुक्याला ठाऊक होती. नवरा त्याच दारूनं गेला, तरी भट्टी पेटतच राहिली. मी तिची वकिली करत नाही. तिनं लोकांचे संसार बुडवले, हे ती स्वतःच्या तोंडानं सांगते. पण महाराज आदल्या वर्षीही आले होते आणि शुभ शुक्रवारी चावडीसमोर भजनाला उभे राहिले. वधस्तंभावर प्रभूला तहान लागली आणि लोकांनी त्याच्या ओठांना आंब, म्हणजे आंबलेली दारू, लावली, असं ते गात होते. तारामती तिथंच एका गिऱ्हाइकाला पेला भरून देत होती. तिचा हात मध्येच थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी गावादेखत तिनं सगळी पिंपं ओढ्यात उपडी केली, भट्टीवर कुदळ घातली आणि महाराजांच्या पायाशी येऊन बसली. पोलिसांच्या धाडींना जे कधी जमलं नव्हतं ते एका भजनानं केलं.

पुढं तिचा बाप्तिस्मा झाला. ती खुरपणीला जाऊ लागली. संध्याकाळी चर्च झाडायची, बाकं पुसायची. एवढं झाल्यावर तिला प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीचा घोट घ्यायला, बसवायला काय हरकत होती? तुम्ही-आम्ही म्हणू, काहीच नाही. पण कमिटी कशाला असते मग!

वाघजळीच्या चर्चची रीत अशी, की प्रभुभोजनाला सगळ्यांना मिळून एकच प्याला. जुना, चांदीचा. मनुका उकळून केलेला रस त्यात भरतात. पाळक तो पहिल्या बाकावर देतात आणि तिथून तो हातोहात मागे जातो. शेजाऱ्याच्या हातून घ्यायचा, घोट घ्यायचा आणि पुढच्याच्या हातात द्यायचा. तुमच्या हातून कुणी प्याला घेतला नाही, तर त्यानं तुम्हाला मंडळीतून काढलं असं समजायचं. आणि तारामतीच्या हातून प्याला घ्यायचा नाही, असं पहिल्या बाकावरच्या माणसानं ठरवलं होतं.

हा माणूस म्हणजे कमिटीचे सेक्रेटरी सॉलोमन उमाप. कडक इस्त्रीचे कपडे, बायबल बगलेत, प्रार्थना अशी लांबलचक की वरणाला दोनदा उकळी यावी. त्यांचा एकुलता एक मुलगा नेल्सन तारामतीच्या भट्टीवर दारूला लागला होता. भट्टी बंद झाली तर तो हायवेवरच्या बारमध्ये जाऊ लागला. सेक्रेटरींनी त्याला घरातून काढलं आणि चर्चचा उंबरा ओलांडायलाही बंदी केली. बापाचं काळीज जळत होतं, हे मला कळतं. अहो, तिला तोंडावर शिव्या दिल्या असत्या तर मी एक शब्द बोललो नसतो, तिनंही खाली मान घालून ऐकून घेतल्या असत्या. पण नाही. साहेबांनी कमिटीत ठराव आणला. तारामतीला प्रभुभोजन मिळेल, पण वेगळ्या ग्लासात. स्टीलचा ग्लास, खिडकीत पालथा घातलेला. पाळकीणबाई त्यात घोटभर रस ओततील, ती पिईल, धुऊन परत पालथा घालील. कारण काय दिलं, तर आरोग्य!

आता मला संताप येतो तो याच्यासाठी. याच सेक्रेटरींचे आजोबा गावच्या चहाच्या हॉटेलात गेले, की त्यांची कपबशी वेगळी असायची. बाहेर, खिडकीत, पालथी. वरून चहा ओतायचा, पिऊन झाला की स्वतः विसळून जागेवर ठेवायची. एक दिवस त्या म्हाताऱ्यानं ती कपबशी दगडावर आपटली आणि तो येशूकडे आला, कारण येशूच्या घरी प्याला एकच होता. दरवर्षी चर्चच्या वर्धापनदिनी सेक्रेटरी माईकवर ही गोष्ट सांगतात आणि सांगताना रडतात. रडतात हो, खरंखुरं रडतात. आणि त्याच चर्चच्या खिडकीत यांनी स्वतःच्या हातानं ग्लास पालथा घातला. एकालाही लाज वाटली नाही. पाळक भले गृहस्थ, पण भिडस्त. त्यांनी ठराव होऊ दिला.

तारामती मात्र रागावली नाही. ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी चर्च झाडून झाल्यावर ती महाराजांकडे आली आणि पदर सावरत खाली बसली. "महाराज," ती म्हणाली, "त्या गिलासातून घेतलं, तर प्रभू मला भेटंल ना?"

महाराजांना कसला ग्लास ते ठाऊक नव्हतं. तिनं खिडकीकडे बोट दाखवलं आणि सगळं सांगितलं. ऐकता ऐकता महाराजांच्या हातातल्या चिपळ्या खाली आल्या. कधी न रागावणारे महाराज त्या दिवशी लालबुंद झाले. त्यांनी सेक्रेटरींना बोलावून घेतलं. साहेब आले, हात जोडले, पण ताठा काही सुटला नाही. महाराज आज इथं आहेत, उद्या दुसऱ्या गावी जातील, आम्हाला मंडळी सांभाळायची आहे, असं त्यांनी सुनावलं. वर हसून म्हणाले, "भट्टीवालीचा उष्टा प्याला आमच्या बायकापोरांनी तोंडाला लावायचा का, महाराज?"

"तुमच्या आजोबांना हॉटेलवाल्यानं असंच काहीसं सांगितलं होतं," महाराज म्हणाले.

सेक्रेटरींचा चेहरा उतरला. ते तसेच निघून गेले. महाराज तारामतीकडे वळून म्हणाले, "बाई, उद्या तो ग्लास चांगला लख्ख घासून ठेव."

ईस्टरची सकाळ उजाडली. चर्च फुलांनी भरलं होतं, सगळे नवे कपडे घालून आले होते. तारामती शेवटच्या बाकावर, खिडकीपाशी बसली. पाळकीणबाईंनी ठरावाप्रमाणे तिच्या ग्लासात घोटभर रस ओतून ठेवला होता. वाटपाचा मान महाराजांना दिला होता. त्यांनी उपकारस्तुती केली, सुरईतून चांदीचा प्याला काठोकाठ भरला आणि पहिल्या बाकावर सेक्रेटरींच्या हातात दिला.

सेक्रेटरींनी प्याला ओठांना लावला आणि तसाच खाली घेतला. आत थेंबही नव्हता. सांडला म्हणावं, तर फरशी कोरडी, कपडे कोरडे. मंडळीत कुजबुज झाली. पाळक धावत आले, सुरईत होता तेवढा सगळा रस त्यांनी प्याल्यात ओतला. सेक्रेटरींनी पुन्हा प्याला उचलला. पुन्हा कोरडा! आता सुरईही रिकामी झाली. ईस्टरच्या दिवशी, भरलेल्या चर्चमध्ये, प्रभूच्या मेजावर कुणालाच द्यायला काही उरलं नाही. पाळकीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला. सेक्रेटरी त्या रिकाम्या प्याल्याकडे बघत राहिले.

महाराज शांतपणे म्हणाले, "रस आहे. खिडकीत आहे."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. महाराजांनी तारामतीला उठायला सांगितलं. तिनं ग्लास हातात घेतला, डोळे मिटले आणि एक घोट घेतला. कितीतरी दिवस ज्या घोटाची ती वाट बघत होती, तो असा सगळ्यांच्या देखत तिच्या पोटात गेला. आता रीतीप्रमाणे ग्लास शेजारणीला द्यायचा होता. पण तिची नजर दाराकडे गेली. दारात, उंबऱ्याच्या बाहेर, नेल्सन उभा होता. दाढी वाढलेली, हात कापणारे. सणाच्या दिवशी आई दिसेल म्हणून आला असेल, दुसरं काय. तारामती ग्लास घेऊन त्याच्यापाशी गेली.

"नेल्सन," ती म्हणाली, "या हातानं तुला लई विष पाजलं रं बाबा. आता हे घे."

त्यानं दोन्ही हातांनी ग्लास धरला. ज्या हातांना बिडीसुद्धा धड पेटवता येत नव्हती, त्यांतून एक थेंब सांडला नाही. तो प्यायला, आणि पिता पिता त्याचे हात कापायचे थांबले. मंडळी, त्या दिवसापासून आजतागायत तो पोरगा बारची पायरी चढलेला नाही. वाघजळीत कुणालाही विचारा.

नेल्सननं ग्लास शेवटच्या बाकावरच्या म्हातारीला दिला. तिनं घेतला, प्यायली, पुढच्याला दिला. बाकामागून बाक ग्लास पुढं सरकत गेला. घोटभर रसाचा तो ग्लास, पण ज्याच्या हातात जाई त्याला तळाशी घोटभर रस दिसेच. ठरावावर सही करणारेही प्याले. काय करतील, दुसरीकडे रस होताच कुठं! धन्य तो प्रभू आणि धन्य त्याची न्याय करायची तऱ्हा.

सगळ्यात शेवटी ग्लास पहिल्या बाकावर आला. शेजाऱ्यानं तो सेक्रेटरींपुढं धरला. सेक्रेटरींनी घेतला, पण ओठांना लावला नाही. ते उठले आणि मधल्या वाटेनं चालत मागे आले. नेल्सन तारामतीजवळ उभा होता. बापानं पोराच्या तोंडाकडे पाहिलं, मग त्याच्या स्थिर हातांकडे पाहिलं. मग तो ग्लास तारामतीच्या हातात ठेवला आणि ते म्हणाले, "मला तुझ्या हातून हवाय."

एवढं बोलून ते वळले आणि महाराजांचे पाय धरायला निघाले. महाराज एक पाऊल मागे सरले. म्हणाले, "माझे नाही. त्या ग्लासातून प्यायची पाळी तुम्ही माझ्यावर आणली नव्हती."

तेव्हा कडक इस्त्रीच्या कपड्यांतले सेक्रेटरी सॉलोमन उमाप परत मागे आले, फरशीवर गुडघे टेकून बसले आणि त्यांनी तारामतीच्या भेगाळलेल्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांना हुंदका फुटला. वर्धापनदिनी माईकवर रडतात तसा नव्हता तो. सकाळचं भजन ऐकून चावडीवरची पिणारी माणसं, भाजीवाल्या बाया, कोण कोण दाराबाहेर जमले होते आणि आत यावं की नाही म्हणून घुटमळत होते. तारामतीला ते दिसत होते.

ती खाली वाकली, ग्लास सेक्रेटरींच्या ओठांशी धरला आणि म्हणाली, "साहेब, उठा. घोट घ्या अन् गिलास पुढं न्या. दारात अजून माणसं हायेत."

सेक्रेटरींनी घोट घेतला. मग डोळे पुसत ते उठले आणि ग्लास घेऊन दाराकडे गेले.