पुराच्या गाळाची जमीन

“...मग मला चीवर का देत नाही, भन्ते?”

विचारणारा सुदाम गजभारे नदीकाठच्या गावचा. स्वतः विटा रचून त्यानं तिथं बालवाडी उभी केली होती, चालवलीही होती. श्रावणातल्या पुरात ती गेली. भिंतसुद्धा उरली नाही. त्यानंतर तो विहारात आला आणि भिक्खू व्हायचं म्हणून हटून बसला.

“सगळं अनित्य आहे, हे मला कळून चुकलंय. मी सगळं सोडलं.”

“सोडलंस कुठं? नदीनं नेलं,” म्हातारे भन्ते शीलरत्न म्हणाले. “सोडायला ते हातात असावं लागतं.”

सुदामचा चेहरा उतरला.

“पोरं कुठं बसतात आता?” भन्तेंनी विचारलं.

“चिंचेखाली... त्यांच्या आया रोज विचारायच्या, गुरुजी, परत कधी बांधायचं? शेवटी तोंड चुकवून निघालो.”

भन्ते उठले. “चल.”

विहारामागं जुन्या वस्तीचं टेकाड होतं. पांढरी म्हणायचे त्याला. तिथं उत्खनन चाललं होतं. कामावरची माणसं जेवायला सावलीत गेली होती. त्यांना विचारून भन्ते काठी टेकत खड्ड्यात उतरले. मागोमाग सुदाम.

खड्ड्याच्या उभ्या कापलेल्या बाजूत वस्तीचे थर एकावर एक दिसत होते. तळाशी कुठल्याशा घराची काळपट जमीन. तिच्यावर पिवळ्या गाळाचा जाड पट्टा. वर पुन्हा जमीन. पुन्हा गाळ. पुन्हा जमीन...

“पूर,” सुदाम म्हणाला. “तेव्हाही हेच! बांधायचं आणि वाहून जायचं. मी दुसरं काय म्हणतोय, भन्ते?”

भन्तेंनी गाळावरच्या जमिनीकडे काठी केली. “ही कशाची केलीय?”

सुदाम वाकला. गवंड्याच्या नजरेनं निरखू लागला. मग एकदम थांबला.

“हा तर... पुराचाच गाळ. भुसा घालून मळलाय. वरून चोपलाय.”

“हं.”

“म्हणजे, ज्या गाळात घर बुडालं...”

त्यानं त्या जमिनीवरून बोट फिरवलं.

“पुन्हा पूर येणार, हे त्यांना ठाऊक नसेल?”

“असणारच.”

सुदाम त्या जमिनीपुढं उकिडवा बसला. वर माणसं जेवण उरकून परत येऊ लागली, तरी उठेना.

मग हलकेच म्हणाला, “बालवाडीचं जोतं मी गुडघाभरच ठेवलं होतं, भन्ते.”

“मग आता कमरेएवढं घे.”