मामा नसलेल्या मुलीचा कागद

एका गावात एकदा बातमी आली, पण अर्धीच आली.

झालं असं, की बांगड्या विकणारा एक कासार राजधानीहून परत येत होता. गावाच्या उतारावर त्यानं बैलगाडी जरा थांबवली आणि ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बायकांना म्हणाला, "तुमच्या गुरुजींनी म्हणे राजाच्या परीक्षेत एका पोरीचा हात धरून..." तेवढ्यात बैलांनी उतार धरला, पेट्यांतल्या बांगड्या खळखळल्या आणि पुढचं वाक्य गाडीबरोबर निघून गेलं.

आता अर्ध्या वाक्यावर कुणाचं पोट भरतं का? एक म्हणाली, हात धरून सगळी उत्तरं लिहून दिली असतील. दुसरीचं म्हणणं, हात धरून वर्गाबाहेर काढली असेल, गुरुजी तसे तापटच. दुपारपर्यंत गावात जेवढ्या चुली पेटल्या तेवढ्या दुसऱ्या अर्ध्या बातम्या शिजल्या. गुरुजींना जाऊन मात्र कुणीच विचारलं नाही.

गुरुजी त्या गावचे नव्हते. अकरा वर्षांपूर्वी राजाच्या हुकमानं आले आणि शाळेला लागून असलेल्या खोलीत एकटेच राहिले. त्यांच्या जेवणाला गावानं वार लावून दिले होते, रोज एका घरचं ताट. त्या दिवशी वार तेलिणीचा होता. एरवी ती ताट घेऊन यायची, दारातच बसायची, सुनेच्या चार तक्रारी सांगायची आणि रिकामं ताट घेऊन जायची. त्या दिवशी ताट नुसतंच उंबऱ्यावर ठेवलेलं सापडलं. भाजी निवून गेली होती. गुरुजी जेवले, ताट त्यांनीच घासलं आणि तेलिणीच्या ओट्यावर नेऊन ठेवलं. आतून बोलण्याचा आवाज येत होता, तो एकदम थांबला.

हे सगळं ज्या परीक्षेवरून झालं, तिची गोष्ट अशी.

राजानं गावोगावी शाळा काढल्या होत्या. या शाळांत पोरं शिकतात की नुसती बसतात, हे रयतेला कळावं म्हणून त्यानं एक परीक्षा लावली. सगळ्या राज्यात एकाच दिवशी, सगळ्यांना एकच प्रश्न. कागद राजधानीत तपासायचे, परीक्षेला बसलेल्या मुलांची सरासरी काढायची आणि तो आकडा त्या त्या गावाच्या वेशीवर फळ्यावर चुन्यानं लिहायचा. साठाच्या खाली आकडा गेला तर गुरुजींची जागा जायची.

राजाचा हेतू चांगला होता, त्यात वाद नाही. पण लोकही काही कमी नसतात. मुलगी पाहायला आलेले पाहुणे आधी वेशीवरचा फळा वाचू लागले आणि आकडा कमी दिसला तर तिथूनच बैल वळवू लागले. मग गावोगावी एक रीत पडली. अभ्यासात कच्च्या पोरांना परीक्षेच्या आदल्या दिवशी मामाच्या गावाला पाठवायचं. जो बसलाच नाही, तो मोजला जात नाही. त्या दिवशी राज्यातल्या सगळ्या वाटा मामाकडं निघालेल्या पोरांनी भरून जायच्या. या गावची पोरं त्या गावात आणि त्या गावची या गावात. इतके मामा एकाच दिवशी भाच्यांसाठी कसे व्याकूळ होतात, हे कुणी कधी विचारलं नाही.

गुरुजींनीही विचारलं नव्हतं. जेवढी मुलं हजर तेवढी ते लिहून पाठवत. अकरा वर्षं त्यांची जागा टिकली होती ती अशीच.

त्या वर्षी गावातली सहा पोरं मामाकडं गेली. सातवी राहिली, तिचं नाव द्वारका. तिची आई लहानपणीच गेली होती. बाप मेंढरं घेऊन सहा महिने मुलखात फिरायचा, तेव्हा तीही त्याच्याबरोबर असायची. शिकलेली अक्षरं वाटेतच सांडायची. उरलेले सहा महिने ती आत्याकडं राहायची. परीक्षेच्या सकाळी आत्यानं तिला शाळेच्या मागच्या भिंतीशी बसवलं आणि सांगितलं, दिवस मावळेपर्यंत इथून हलायचं नाही आणि कुणाला दिसायचं नाही.

प्रश्न वाटून झाल्यावर गुरुजी पाणी प्यायला मागच्या रांजणाकडं गेले. तिथं ही पोरगी गुडघ्यावर पाटी घेऊन बसली होती. आतून गुरुजींनी जो पहिला प्रश्न मोठ्यानं वाचला होता, तो तिनं पाटीवर सोडवायला घेतला होता.

"तू गेली नाहीस?" गुरुजींनी विचारलं.

"मला मामा नाही, गुरुजी," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ऊन आहे, वारा आहे, तसं तिनं सांगितलं.

गुरुजी तांब्या हातात धरून तसेच उभे राहिले. मग त्यांनी तांब्या ठेवला, तिला आत नेलं आणि शेवटच्या ओळीत बसवून कागद दिला. पुढं काय झालं ते मुलांनी पाहिलं नाही. ती आपापल्या कागदात मान घालून बसली होती.

आणि आता ही अर्धी बातमी.

ती बातमी आल्यावर चौथ्या दिवशी राजाचा अंमलदार घोड्यावरून गावात आला. त्याच्याकडं तीनशे गावं होती, चेहऱ्यावर तीनशे गावांची धूळ होती. चावडीवर सगळं गाव जमलं. लोक एकमेकांना खेटून बसले, पण गुरुजींच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळी राहिली. द्वारका खांबाला टेकून उभी होती.

अंमलदारानं एक कागद वर धरला. "या कागदावर दोन अक्षरं दिसतात. एक मुलाचं, एक मोठ्या माणसाचं. गुरुजी, तुम्ही हिचा हात धरलात?"

"धरला, सरकार," गुरुजी म्हणाले.

चावडीत कुजबुज उठली. तेलीण शेजारणीला कोपरानं ढोसून म्हणाली, मी सांगत नव्हते?

अंमलदारानं नियम सांगितला. ज्या कागदाला गुरुजींचा हात लागला, तो बाद. गुरुजींना ताकीद मिळेल, बाकी काही नाही. मग त्यानं हिशेब मांडला. हा कागद वगळला तर उरलेल्या एकोणीस मुलांची सरासरी एकसष्ट येते. गावाचा आकडा राहतो, गुरुजींची जागाही राहते.

पाटलांचा चेहरा खुलला. "मग बादच करा की, सरकार. पोरगी मामाकडं गेली होती असं धरून चला."

आत्यानं मान डोलावली. सगळ्या चावडीनंच डोलावली. द्वारकानं खांबाची दुसरी बाजू धरली, म्हणजे लोकांना ती दिसेनाशी झाली. असं दिसेनासं व्हायची तिला सवयच होती.

गुरुजींना काहीच करावं लागणार नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं.

ते उठले. "सरकार, माझा हात कुठून कुठपर्यंत आहे, तेवढं नीट बघा."

अंमलदार कागद घेऊन उजेडात गेला. सगळ्यात वर मुलीचं नाव होतं, सरळ रेषेत. त्याखाली उत्तरं होती. ती वाकडी, पुसून पुन्हा लिहिलेली, बरीचशी चुकलेली. शंभरात एकवीस गुण. त्यानं द्वारकाला बोलावून एक ओळ लिहायला लावली. तिनं घाम पुसत पुसत लिहिली. अक्षर उत्तरांचंच होतं, तसंच वाकडं.

"म्हणजे तुमचा हात नावापुरता आहे," अंमलदार म्हणाला. "पण नावाला तर गुणच नाहीत. मग ते तरी कशाला लिहून दिलंत?"

"तिचा हात कापत होता, सरकार. आजवर तिला कुणी परीक्षेला बसवलंच नव्हतं. बिननावाचा कागद तुम्ही मोजला नसता."

अंमलदारानं कागद खाली ठेवला. "नियम उत्तरांसाठी आहे. उत्तरं तिची आहेत, तेव्हा कागद मोजता येईल. पण मोजला तर एकोणसाठ होतात. तुमची जागा जाईल."

"माहीत आहे."

"तरी मोजू?"

"मोजा. आणि अजून एक लिहून घ्या. पटावर सव्वीस मुलं आहेत. अकरा वर्षं मी हजर तेवढीच लिहीत आलो. ती चूक माझी आहे."

पाटील पागोट्याशी चाळा करत बसले. अंमलदारानं लिहिता लिहिता हात थांबवला. त्याला बहुतेक आपली बाकीची दोनशे नव्व्याण्णव गावं आठवली असावीत. मग त्यानं दोन्ही गोष्टी लिहिल्या आणि कागद गुंडाळला.

वेशीवर एकोणसाठ लिहिलं गेलं. गुरुजींची जागा गेली. ज्या सकाळी ते निघाले, त्या दिवशी वार कुणाचा होता ते कुणाला आठवलं नाही, की आठवून विसरले, कोण जाणे. ताट आलं नाही. वेशीपर्यंत पोहोचवायला द्वारका तेवढी गेली. पुढं वळणावर झाडी होती, तिथं ते दिसेनासे झाले.

अंमलदाराचं टिपण राजानं वाचलं. पुढच्या वर्षी हुकूम निघाला, की फळ्यावर आकड्याच्या शेजारी पटावर किती आणि परीक्षेला किती हेही लिहायचं, आणि आकडा कमी आला म्हणून कुणाची जागा काढून घ्यायची नाही, मदत पाठवायची. त्या वर्षी गावातली सव्वीसच्या सव्वीस पोरं बसली आणि आकडा आला सत्तेचाळीस. गावाला लाज वाटली खरी. पण खरा आकडा दिसला तेव्हा राजानं एकाच्या जागी दोन गुरुजी दिले, आणि पोरं हळूहळू वाचायला लागली.

मग कधीतरी पाटलांना वाटलं, जुन्या गुरुजींना एकदा बोलावून घ्यावं, निदान पोरांचं वाचन ऐकवावं. पण निरोप पाठवायचा कुठं? अकरा वर्षं ज्या घरांनी वार लावून जेवू घातलं, त्यांतल्या एकालाही त्यांचं गाव माहीत नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

आसपासच्या गावांत अजून सांगतात, की त्या गुरुजींनी परीक्षेत एका पोरीचा हात धरून उत्तरं लिहिली. हात धरला होता, एवढं खरं आहे.

तात्पर्य: एखादं लेकरू भिंतीमागं लपवून जो आकडा मोठा होतो, तो आकडा गावाचा नव्हे. आणि अर्धी बातमी कानावर आली, तर उरलेली अर्धी घरी शिजवू नये, ज्याची आहे त्याच्या दारात जाऊन विचारावी.