जहाजाने महाराजांना पाठ दाखवायची नाही!

आडवं झालं! एवढं अगडबंब जहाज भर कालव्यात आडवं झालं! नाक राजवाड्याखालच्या चिखलात, शेपूट पलीकडच्या चिखलात.

होणारच! ताठरसेन महाराजांचा हुकूमच तसा होता. कालव्यातून जाणाऱ्या प्रत्येक जहाजाने राजवाड्याकडे नाक वळवून मुजरा करायचा. लहान गलबतांचं निभावलं, पण हे धूड कालव्याच्या रुंदीएवढं लांब! जहाज चालवणाऱ्या धर्माजी तांडेलाने काठावरून बैलजोड्या लावल्या, जहाज ओढून सरळ करायला घेतलं, तोच महाराज गच्चीवरून गरजले, "खबरदार! आम्हाला पाठ दाखवतोस? आमच्या दरबारातून माणसंसुद्धा उलट्या पावलांनी बाहेर जातात!"

झालं! ओढकाम थांबलं. दोन समुद्र जोडणारा तो एकच कालवा. मागे जहाजांची ही रांग लागली! पूर्वेचा चहा पूर्वेलाच, पश्चिमेची लोकर पश्चिमेलाच. परदेशच्या एका राणीला चहाशिवाय उठवेना, एक राजा थंडीने कुडकुडत सिंहासनावरच गोधडी घेऊन बसला.

"आणि आमचा आंघोळीचा साबण?" महाराजांनी विचारलं.

"तोही त्याच रांगेत, महाराज," प्रधानजी नाक दाबून म्हणाले.

"मग काढा ते जहाज! पण पाठ दिसता कामा नये. दिवस मावळेपर्यंत जमलं नाही, तर तांडेलाची अर्धी मिशी भादरा, गाढवावरून धिंड काढा आणि त्याला हद्दपार करा!"

हे ऐकून धर्माजीची लेक चांगुणा तडक दरबारात शिरली.

"महाराज, परवा जत्रेला पालखीतून गेलात ना? पुढच्या भोयांची पाठ कुणाकडे होती?"

"आमच्याकडे."

"मग त्यांना बसवलं का गाढवावर?"

"खुळी की काय! ते आम्हाला वाहून नेत होते!"

"मग या जहाजालाही भोई करा की! मागच्या टोकाला बसा, पुढे नाक करून ते तुम्हाला वाहून नेईल."

महाराजांनी मिशीला पीळ दिला, विचार केला, पुन्हा पीळ दिला. मग निघाले! जहाजाच्या मागच्या टोकाला सिंहासन मांडलं, धर्माजीने बैल हाकले. कर्रर्र करत जहाज सरळ झालं आणि चालू लागलं. काठावर एकच जल्लोष!

एवढ्यात महाराज दचकले. "अगं पोरी, मागे शेकडो जहाजं आहेत! प्रत्येकावर आम्हीच बसायचं? बूड झिजेल आमचं!"

"मागे वळून तर बघा, महाराज!"

महाराजांनी वळून पाहिलं. सगळी जहाजं नाकं त्यांच्याकडे करून एकामागून एक येत होती!

"झाला की नाही मुजरा? तोही चालता चालता!"

महाराज पोट धरधरून हसले. "माग पोरी, काय हवं ते माग!"

"बाबांना शिक्षेतून सोडा, आणि नाक वळवायचा हुकूम मोडा. माझ्या आईने मिशी बघून लग्न केलंय. अर्धी घेऊन गेले तर ती घरात घेणार नाही!"

महाराज हसता हसता सिंहासनावरून घसरले आणि तिथेच, फळीवर बसल्या बसल्या, दोन्ही गोष्टी देऊन मोकळे झाले. वर गळ्यातला मोत्यांचा कंठाही चांगुणेला दिला.