थोरल्या ताऱ्याचं कडं

फार फार जुनी गोष्ट. गोष्टी सांगायला पृथ्वीवर अजून कुणी नव्हतं, तेव्हाची. आभाळाच्या राज्यात दोन भाऊ राहत. दोघेही तारे. जन्मल्यापासून ते एकमेकांभोवती फेर धरून फिरत.

थोरल्यानं तरुणपणी हातचं न राखता उजेड उधळला आणि आता तो एवढासा निखारा होऊन उरला होता. आकार लहान, पण अंगात वजन भारी आणि ओढ जबरदस्त. ताठा तर तसूभरही कमी झाला नव्हता. धाकटा आता कुठे भरात आला होता. तो इतका फुगला होता की अंगावरचं तेज त्यालाच सावरेना.

त्या राज्याचा रिवाज कडक. ज्याचा उजेड दरबारापर्यंत पोचत नाही, त्यानं भाऊबंद सोडून काळोखात निघून जायचं. आणि उजेड स्वतःच्या मेहनतीचा हवा, उसना चालायचा नाही.

थोरल्याला दरबाराचा निरोप आला, "उजेड दाखवा, नाहीतर निघा."

धाकट्यानं थोरल्याला गळ घातली. "दादा, माझ्यातलं घे ना. मला तरी कुठे पेलतंय?"

"आजवर कुणापुढे हात पसरला नाही," थोरला म्हणाला. "तुझ्यापुढेही पसरणार नाही. मोडेन, पण वाकणार नाही!"

आता याला काय म्हणावं? सख्ख्या भावाशीही ताठा! पण धाकटाही त्याच रक्ताचा. त्यानं न विचारताच अंगावरचं तेज थोरल्याकडे सोडलं, अगदी थेट नेम धरून.

नेम चुकला. चुकणारच, दोघेही फिरत होते ना! तेजाची धार पोचेपर्यंत थोरला पुढे सरकला आणि ती त्याच्या बाजूनं निसटून चालली.

"गेलं, सगळं वाया गेलं!" धाकटा रडवेला झाला.

थोरल्याला ते बघवेना. "माझ्या देखत माझ्या भावाचं वाया जाईल?" असं गरजून त्यानं होती नव्हती ती सारी ओढ लावली. धार वळली आणि त्याच्याभोवती गरगर फिरू लागली. मागून येणारं तेज तिच्यात मिसळत गेलं. बघता बघता थोरल्याभोवती भलं मोठं कडं तयार झालं. आतला भाग वेगात, बाहेरचा संथ. एकमेकांवर घासून ते तापलं आणि असं लखलखलं, की त्यापुढे दोन्ही भाऊ फिके पडले.

तो उजेड थेट दरबारात पोचला. आभाळाच्या राजानं विचारलं, "हा उजेड कुणाचा?"

"माझ्या भावाचा," थोरला म्हणाला. खोटं बोलून राहण्यापेक्षा त्याला काळोख चालणार होता.

"नाही महाराज!" धाकटा ओरडला. "माझ्यापाशी होतं तेव्हा ते तेज मलाच जड झालं होतं. त्याचा असा उजेड माझ्या दादानं केला!"

म्हातारा राजा आसनावरून उठून उभा राहिला. "ही मेहनत उसनी नाही," तो म्हणाला. थोरला भावाजवळच राहिला. आणि धाकटा? तो आजही येणाऱ्याजाणाऱ्या धूमकेतूंना थांबवून ऐटीत सांगतो, "ते लखलखतंय ना, तो माझा दादा!"

तात्पर्य: आपल्या माणसाचं घेण्यात कमीपणा नाही, घेतलेल्याचं आपण काय करतो, त्यावर आपला मान ठरतो.